भरवशाची म्हैस, भरवशाची मोटार

मराठीत ‘भरवसा’ हा शब्द एकटा फारसा हिंडत नाही. त्याच्या पाठोपाठ एक म्हैस येत असते. विश्वास माणसावर टाकावा, श्रद्धा देवावर ठेवावी, हमी दुकानदाराने द्यावी. पण भरवसा म्हटला की तो म्हशीचा, आणि तिला व्हायचा तो टोणगाच! गेली वीस वर्षे ही म्हण मी वर्गात शिकवीत आलो आहे आणि दर वर्षी तिच्या अज्ञात कर्त्याचे मला कौतुक वाटते. इतर म्हशींनाही टोणगे होतातच की. पण त्यांची म्हण झाली नाही, कारण त्यांच्या दुधावर कोणी लग्नकार्य ठरवून बसलेले नसते. तेव्हा भरवसा मोजायचा तर म्हशीकडे पाहण्याआधी त्या लग्नकार्याकडे पाहावे लागते, असे मी मुलांना सांगतो. मुले ते लिहून घेतात. यंदा तेच वाक्य मला माझ्या घरातल्यांना सहा महिने सांगावे लागले आणि त्यांच्यापैकी एकानेही ते लिहून घेतले नाही.

आमच्या घरच्या लग्नकार्याचे नाव स्पिती. हिमाचल प्रदेशातले हे खोरे तिबेटला खेटून आहे. आमची सौ. शाळेत भूगोल शिकविते. टेथिस नावाचा एक समुद्र होता, तो आटला आणि त्याच्या तळाचा हिमालय झाला, ही गोष्ट तिने आजवर हजारेक मुलांना तरी सांगितली असेल; पण तो तळ तिने स्वतः पाहिलेला नाही. स्पितीत लांगझा नावाचे गाव आहे, सुमारे ४,४०० मीटर उंचीवर. तिथल्या काळ्या पाषाणात अ‍ॅमोनाइट नावाच्या समुद्रजीवांचे चक्राकार ठसे सापडतात, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. आमच्या देवघरात आजेसासूबाईंच्या वेळेपासून एक शाळिग्राम आहे. तोही गंडकी नदीने वाहून आणलेला असाच अ‍ॅमोनाइट. “ह्याचं माहेर बघून यायचंय,” असे ती देवपूजेच्या वेळी म्हणते. आणायचा नाही, नुसता बघायचा. तिथून दगड उचलणे बरे नव्हे, हे तिला पक्के ठाऊक आहे.

आता मोटार. घरात माणसे पाच: आम्ही दोघे, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेले चिरंजीव, आठवीतली कन्या, आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. जन्म १९५०चा, म्हणजे एस्. टी.पेक्षा दोन वर्षांनी धाकटे, पहिली एस्. टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला सुटली, ही तारीख ते स्वतःच्या वाढदिवसापेक्षा अधिक मानतात. आधी डेपोत आणि नंतर दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत मिळून सदतीस वर्षे त्यांनी गाड्या दुरुस्त करण्यात घालविली. लेकीबरोबर स्पितीला जायचे हे त्यांनीही ठरविले होते. तसे त्यांनी कोणाला विचारले मात्र नव्हते.

पाच माणसे म्हटल्यावर दोन उमेदवार पहिल्याच फेरीत बाद झाले. २०२३ साली निघालेली मारुतीची जिम्नी हलकी, अरुंद, डोंगरात बकरीसारखी चढणारी. परंतु तिच्यात चारच आसने. तीन दारांच्या थारचेही तेच. कन्येने “मी डिकीत बसेन” असे जाहीर केले. पण जिम्नीची डिकी पाहिल्यावर तिने शब्द मागे घेतला.

चिरंजिवांचा कौल गुरख्याला होता. पुण्याच्या फोर्स मोटर्सची ही गाडी खरोखरच रांगडी. तिच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही डिफरन्शियलना कुलूप घालता येते. म्हणजे एक चाक चिखलात नुसते गरगरत राहिले तरी जोडीच्या चाकाची ताकद वाया जात नाही. हवा ओढण्याची नळी छपराच्या उंचीला नेलेली, म्हणून नाल्याच्या पाण्यातून जाताना इंजिनाच्या नाकातोंडात पाणी जात नाही. ग्राम्फूकडून बातलमार्गे कुंझुम खिंडीला जाणाऱ्या रस्त्यावर असे नाले आहेत. डोंगरावरचे बर्फ उन्हाने वितळते, त्यामुळे सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारी मांडीला लागते. चिरंजिवांनी हे सारे एका जेवणात, भाताला हात न लावता, सांगून टाकले.

अण्णांनी ताक पिऊन झाल्यावर एकच प्रश्न विचारला. “त्या रस्त्यानं एस्. टी. जाते का?”

“आपली कशी जाईल? हिमाचलची जाते. उन्हाळ्यात खिंड उघडली की कुल्लूहून काझाला.”

“तिची चारही चाकं ओढतात?”

“नाही. मागचीच.”

“मग?” असे म्हणून अण्णा हात धुवायला उठले.

चिरंजीव काही हार जाणारे नव्हेत. बसची चाके केवढी मोठी, ती जमिनीपासून किती उंच, आणि तिचा चालक त्याच वाटेने पिढीजात जाणारा, अशी उत्तरे त्यांनी मोरीच्या दारापर्यंत जाऊन दिली. त्यांतले शेवटचे अण्णांना पटले. “ड्रायव्हरचं म्हणशील तर बरोबर आहे,” ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मला आवडले नाही.

इथून खरा वाद सुरू झाला. गाडीची ताकद वेगळी आणि गाडीचा भरवसा वेगळा, हे सगळ्यांना मान्य होते. पण भरवसा मोजायचा कशाने? चिरंजिवांनी परदेशी पाहण्यांचे आकडे काढले. जे. डी. पॉवर नावाची अमेरिकन संस्था तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना विचारते आणि दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते छापते. जितक्या कमी, तितकी गाडी चांगली. ऐकायला हे सरळ वाटते. अण्णांनी चष्मा लावून ते वाचले आणि विचारले, “ह्यात तक्रार कशाला म्हटलंय?” तर ज्याला मालक तक्रार म्हणेल ती तक्रार! समोरच्या पडद्याने फोनशी बोलणे सोडले, ही एक तक्रार. आणि गिअरबॉक्स फुटला, हीही एकच तक्रार.

“आमच्याकडं असलं नव्हतं,” अण्णा म्हणाले. एस्. टी.त हिशेब दहा हजार किलोमीटरचा. तेवढ्या अंतरात गाड्या प्रवाशांसकट रस्त्यात किती वेळा उभ्या राहिल्या, तेवढेच मोजायचे. त्याला ब्रेकडाऊन म्हणायचे. काच वाजते, सीट फाटली, भोंगा बसला, ह्या गोष्टी डेपोत परत आल्यावर बघायच्या. मला हा भेद फार मोलाचा वाटला. गाडी घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने तो ध्यानात ठेवावा. शहरातल्या शहरात कचेरीला जाणाऱ्याला बिघडलेला पडदा आणि बिघडलेला क्लच हे जवळजवळ सारखेच; दोन्हींसाठी शनिवार गॅरेजात जातो. काझाच्या वाटेवर, जिथे फोनही चालत नाही, तिथे पडदा बिघडला तर कन्या गाणी म्हणेल. क्लच गेला तर?

आमच्या महाविद्यालयातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक हे माझे चहाचे सोबती. त्यांना मी हे प्रकरण सांगितले. त्यांनी बशीखालचा कागद ओढला. समजा, ज्यावाचून गाडी चालणारच नाही असे तिच्यात शंभर भाग आहेत आणि त्यांपैकी प्रत्येक भाग प्रवासभर टिकण्याची शक्यता शंभरात नव्व्याण्णव आहे. मला वाटले, उत्तम गाडी! त्यांनी गुणाकार केला. एकही भाग न मोडता घरी येण्याची शक्यता निघाली ३७ टक्के. तोच प्रत्येक भाग हजारात नऊशे नव्व्याण्णव वेळा टिकणारा असेल तर ती ९० टक्क्यांवर जाते. म्हणजे एका भागाच्या चांगुलपणातला तो चिमूटभर फरक सबंध गाडीत एवढा फुगतो! आणि म्हणूनच, जो भाग गाडीत नाहीच तो कधी मोडत नाही. फोर व्हीलची जादा यंत्रणा, जादा शाफ्ट, जादा गिअर ह्यांची गरज असेल तर ती घ्यावीच. पण ऐटीसाठी घेतली तर त्या गुणाकारात एकेक आकडा वाढतो.

“आणि दुसरी गाडी बरोबर घेतली तर?” मी विचारले. मग गणित उलटे फिरते, ते म्हणाले. एक गाडी शंभरात दहा वेळा अडते असे धरले तर दोन्ही एकाच वेळी अडण्याचा संभव शंभरात एकच. १९५५ साली ऑक्सफर्ड-केंब्रिजचे सहा विद्यार्थी लंडनहून सिंगापूरला मोटारीने निघाले आणि १९५६च्या मार्चमध्ये पोचले, ते लँड रोव्हरमधून. त्या गाडीची तारीफ सगळे करतात. पण गाड्या दोन होत्या, हे सहसा कोणी सांगत नाही.

लँड रोव्हरवरून मला दार्जिलिंगकडच्या गाड्या आठवल्या. मानेभंज्यांगहून संदकफूला, म्हणजे ३,६३६ मीटरवर जाणाऱ्या दगडगोट्यांच्या वाटेवर १९५०च्या आसपासच्या लँड रोव्हर कालपरवापर्यंत प्रवासी नेत होत्या. चहामळेवाल्या साहेबांनी मागे ठेवलेल्या. अण्णांपुढे हा दाखला ठेवला की ते खूष होणार, अशी माझी अटकळ होती. प्राध्यापकांनी मात्र तो चहातच बुडविला. “चालणाऱ्या तेवढ्या तुम्ही पाहता, भंगारात गेलेल्या कोण दाखवणार?” आणि त्यांनी अब्राहम वाल्डची हकीकत सांगितली. हे हंगेरीत जन्मलेले गणिती दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत होते. लढाईवरून परतलेल्या विमानांना जिथे गोळ्यांची भोके पडली आहेत, तिथे पत्रा जाड करावा असे कोणालाही वाटेल; वाल्ड यांचा हिशेब असा निघत होता की जिथे भोके नाहीत तिथे करावा, कारण तिथे गोळी लागलेली विमाने परत आलेलीच नाहीत. पुढे भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते इकडे व्याख्यानांना आले आणि डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून पत्नीसह गेले. चहा निवून गेला होता.

अण्णांनी ही सारी हकीकत शांतपणे ऐकली. मग विचारले, “त्या लँड रोव्हरना इंजिनं कुठली होती?” चौकशी केली. पुष्कळ गाड्यांत मूळचे इंजिन केव्हाच बदलून महिंद्राचे डिझेल बसविलेले! अण्णा हसले. “म्हणजे गाडी टिकली नाही, फिटर टिकला.” अलीकडे त्या वाटेवर बोलेरो फिरू लागल्या आहेत, हेही चिरंजिवांकडून त्यांना कळले, आणि दुसऱ्या दिवसापासून अण्णांचा कौल बोलेरोला.

बोलेरोची बाजू लंगडी नव्हती. २००० सालापासूनची गाडी, सांगाडा ट्रकसारखा, कोणत्याही तालुक्याच्या गावी तिचा फॅनबेल्ट, होजपाइप, क्लचप्लेट मिळते आणि ती बसविणारा हातही. नवे मॉडेल पहिल्या वर्षी घेऊ नये, हे अण्णांचे दुसरे सूत्र. प्राध्यापकांच्या कागदावरही तेच होते: बिघाडांची रेघ परातीसारखी, सुरुवातीला उंच, मध्ये सपाट आणि म्हातारपणी पुन्हा उंच. सपाट भागातली गाडी घ्यावी. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली पाच दारांची थार रॉक्स मला मनातून आवडली होती. ती ह्या सूत्रावर मागे पडली.

एका बाबतीत मात्र चिरंजिवांनी आजोबांना जिंकले. जुन्या गाड्यांचे अण्णा जे गोडवे गातात (डिझेलच्या टाकीला भोक पडले तर साबण चोळून बुजवायचे, आणि तारेच्या तुकड्यावर घाट उतरायचा), त्यांना उंची ठाऊक नाही. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या ५७-५८ टक्केच असतो. कार्बोरेटरला ते कळत नाही. तो तेवढेच पेट्रोल ओततो आणि इंजिन गुदमरते. आताच्या गाड्यांतला संगणक हवा मोजून इंधन सोडतो, आणि टर्बोचे इंजिन विरळ हवा दाबून घेत असल्यामुळे पुष्कळ कमी दमते. उलट बाजू अशी की एखाद्या संवेदकाने खोटी वर्दी दिली तरी गाडी दिवा लावून आपण होऊन लंगडू लागते, आणि तिथे साबण चालत नाही. त्यावर चिरंजिवांनी काडेपेटीएवढी एक वस्तू आणून शेजाऱ्यांच्या गाडीत खुपसली; फोनवर बिघाडाचा क्रमांक उमटला. अण्णांनी ती वस्तू हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिली. “हिला काय पडतं?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मी ओळखले की आता ती अण्णांच्या हत्यारांच्या पेटीत जाणार.

सौ. आतापर्यंत वाटाणे सोलीत होती. ती म्हणाली, “तुम्ही सगळे गाडी बंद पडेल म्हणून घाबरताय. बंद पडली तर आपण रात्र काढू. आपटली तर?”

सगळे गप्प झाले. तिने माहिती काढूनच ठेवली होती. बोलेरो निओ ही बोलेरोच्याच घराण्यातली. २०२४ साली ग्लोबल एन्‌कॅपच्या धडक-चाचणीत तिला पाचांपैकी एक तारा मिळाला. त्याच कारखानदारांच्या स्कॉर्पिओ-एन्‌ला २०२२ साली पाच. “बोलेरो निराळी आणि निओ निराळी,” अण्णा म्हणाले. “मग जुनीला किती तारे, ते दाखवा अण्णा,” ती म्हणाली. लेक बापाशी इतकी ठाम बोललेली मी क्वचितच ऐकली आहे. अडून बसणारी म्हैस परवडते. पण मुलांना मागे बसवून न्यायची गाडी नुसती अडत नाही, एवढ्यावर हिशेब संपत नाही, हे तिचे म्हणणे मला निरुत्तर करणारे वाटले. अण्णांनाही वाटले असावे. ते अंगणात जाऊन बसले.

तरी फोर व्हीलचा प्रश्न शिल्लक होताच. आणि त्याचा निकाल लागला तो भलत्याच ठिकाणी.

अण्णांच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसविलेला आहे. ऑगस्टमध्ये नेहमीच्या तपासणीला आम्ही गेलो, तेव्हा मी डॉक्टरांपाशी स्पितीचा विषय काढला. त्यांनी पट्ट्यावर चालवून पाहिले, कागद पाहिले आणि सांगितले: तीन हजार मीटरपर्यंत, सावकाश चढत, जायला हरकत नाही, त्यापुढे नको. काझा ३,६५० मीटरच्या वर, आणि लांगझा तर त्याहून किती वर! परतताना रिक्षात अण्णा एक शब्द बोलले नाहीत. घरी सौ.ने ते ऐकले आणि “मग आपण कोणीच जायचं नाही,” असे म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली. वीस वर्षे शिकविलेला समुद्र पुन्हा एकदा आटला, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नकाशा घेऊन बसलेले. बोट शिमल्याहून निघून किन्नौरमध्ये थांबले होते. “हे कल्पा किती उंच?” मी पाहिले. तीन हजाराच्या थोडे आत. समोर किन्नर कैलासाचे शिखर. “मला इथं सोडा. मी राहतो चार दिवस. तुम्ही वर जाऊन तिचा तो दगड बघून या. डेपोत एक राखीव गाडी लागतेच.”

पुष्कळ वादावादी झाली, ती इथे देत नाही. बरोबर कन्येने राहावे असे ठरले. तिला शिखराची चित्रे काढायची आहेत, असे तिने सांगितले आणि आम्ही ते खरे मानले. आता अण्णांना घ्यायला परत कल्पालाच यायचे, म्हणजे जायचे-यायचे दोन्ही किन्नौरच्या रस्त्याने. तो हळूहळू चढतो, शरीराला सवय होते आणि तो वर्षातला बराच काळ चालू असतो. कुंझुम सुटली, बातलचे नाले सुटले, आणि त्यांच्याबरोबर फोर व्हीलही सुटले! चिरंजिवांचे तोंड दोन दिवस उतरले होते. नकाशावर ज्या रस्त्यासाठी आम्ही सहा महिने गाड्या तोलल्या, त्या रस्त्याने आम्ही जाणारच नव्हतो.

दसऱ्याला गाडी घरी आली: स्कॉर्पिओ-एन्‌, डिझेलची, मागच्या दोन चाकांनी ओढणारी, दोन वर्षे वापरलेली, परातीच्या सपाट भागातली. निघायचे आहे मेच्या अखेरीस. पण आदल्या रविवारी अण्णांनी मला आणि चिरंजिवांना सोसायटीच्या आवारात बोलावून घेतले. जॅक, पाना, पंक्चरचे सामान, ओढण्याचा पट्टा, फ्यूज, आणि ती काडेपेटीएवढी वस्तू, सगळे सतरंजीवर ओळीने मांडलेले. रस्त्यात जे करावे लागेल ते एकदा घरी करून पाहिल्याशिवाय गाडी डेपोबाहेर काढायची नाही, असा त्यांचा हुकूम. पहिल्या चाकाला आम्हांला पन्नास मिनिटे लागली, चौथ्याला अठरा. अण्णा खुर्चीवर घड्याळ धरून बसले होते. फाटकापाशी उभा राहून आमचा वॉचमन हे सारे बघत होता. शेवटी न राहवून तो जवळ आला आणि मला हळूच म्हणाला, “सर, परवाच घेतली ना? इतक्यात बंद पडली?”